मार्क आहेत, शिष्यवृत्ती कुठे शोधायची?

बारावीचे निकाल लागले की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. बडोद्याच्या वाचकांनी या वेळी बहुतेक एकच विचारलं आहे: मुलांनी मार्क चांगले आणले, आता त्या मार्कांवर फी कमी करून देणारी कॉलेजं कोणती? त्यातली काही पत्रं संक्षेपाने, नावं गाळून इथे घेतली आहेत.

मुलगा गुजरात बोर्डातून बारावी सायन्स झाला. टक्के ८४, पर्सेंटाइल ९५. इंजिनिअरिंगला जायचं आहे. माझं वर्षाचं उत्पन्न साडेपाच लाख. गुणवत्तेवर शिष्यवृत्ती देणाऱ्या कॉलेजांची यादी मिळेल का?
*एक पालक, मांजलपूर*

यादी देण्याआधी एक गोष्ट सांगायला हवी, म्हणजे शोध भलत्या दिशेला जाणार नाही. ज्या संस्थेच्या दारात हजारो हुशार मुलं उभी असतात, तिला मार्कांसाठी पैसे मोजावे लागत नाहीत. अशा संस्था फी माफ करतात ती घरची परिस्थिती पाहून. आयआयटीत उत्पन्न १ लाखाच्या आत असेल तर ट्यूशन फी पूर्ण माफ, १ ते ५ लाखांत असेल तर दोन तृतीयांश माफ. बोर्डाच्या मार्कांचा त्यात प्रश्नच येत नाही. मार्कांवर सूट देतात त्या बहुतेक नव्या किंवा मधल्या फळीतल्या खासगी संस्था. त्यांना चांगली मुलं हवी असतात आणि त्यासाठी त्या खर्च करतात. यात गैर काही नाही, पण "सगळ्यात नावाजलेलं कॉलेज आणि मार्कांवर सूट" ही जोडी क्वचितच सापडते.

तुमच्या बाबतीत कॉलेजच्या सवलतीपेक्षा सरकारी योजना जास्त कामाच्या आहेत. पहिली, मुख्यमंत्री युवा स्वावलंबन योजना. गुजरात सरकारने ती २०१५ मध्ये सुरू केली. अट ८० पर्सेंटाइलची आणि कुटुंबाचं उत्पन्न ६ लाखांच्या आत असण्याची. इंजिनिअरिंगला ट्यूशन फीच्या निम्मे किंवा ५०,००० रुपये, यातली कमी असेल ती रक्कम मिळते. म्हणजे फी ९०,००० असेल तर ४५,०००. फी १,४०,००० असेल तर ७०,००० नव्हे, ५०,०००च. अनेक घरांत हिशेब इथेच चुकतो: सगळे "अर्धी फी सरकार भरतं" असं धरून चालतात आणि महागडं कॉलेज निवडतात. पुस्तकं-साहित्यासाठी ५,००० रुपये एकदाच मिळतात. पुढच्या वर्षी नूतनीकरणाला ५० टक्के गुण आणि ७५ टक्के हजेरी लागते.

८० पर्सेंटाइल म्हणजे ८० टक्के नव्हेत, हे मुद्दाम सांगतो. पर्सेंटाइल म्हणजे तुमच्या मुलाने मागे टाकलेल्यांचं प्रमाण. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर ते वेगळं छापलेलं असतं. सत्तरीतले टक्के पाहून "आपल्याला कुठलं मिळतंय" म्हणत अर्जच न करणारी पात्र मुलं कितीतरी असतात.

दुसरी, टीएफडब्ल्यू, म्हणजे ट्यूशन फी माफीच्या जागा. तंत्रशिक्षणावर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय परिषदेच्या, एआयसीटीईच्या नियमाने या मंजूर जागांपेक्षा ५ टक्के जास्तीच्या असतात. ६०च्या वर्गात ३. उत्पन्नमर्यादा ८ लाख. एसीपीसी, म्हणजे गुजरातच्या सरकारी प्रवेश समितीच्या ऑनलाइन फेरीत त्या वेगळा पर्याय म्हणून दिसतात, आणि तो पर्याय भरला तरच मिळतो. त्याच शाखेच्या साध्या जागेपेक्षा इथलं मेरिट वर जातं, म्हणून साध्या जागेच्या वरच्या क्रमांकावर टीएफडब्ल्यू लावा. आधी साधी जागा लावली आणि ती मिळाली, तर खालच्या टीएफडब्ल्यूचा विचारच होत नाही. एकदा ही जागा घेतली की पुढे कॉलेज किंवा शाखा बदलता येत नाही, आणि परीक्षा फी, हॉस्टेल वगैरे खर्च आपलाच. तरीही चार वर्षांचा विचार केला तर तुमच्यासाठी याहून मोठी सवलत नाही.

पदवीच्या विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती देणाऱ्या केंद्राच्या पीएम-यूएसपी योजनेची उत्पन्नमर्यादा साडेचार लाख आहे, त्यामुळे ती तुम्हाला लागू नाही. खासगी विद्यापीठांत व्हीआयटीसारख्या संस्था राज्य बोर्डात पहिल्या येणाऱ्याला चारही वर्षांची फी माफ करतात आणि प्रवेश परीक्षेच्या अगदी वरच्या रँकना टप्प्याटप्प्याने सूट देतात. ९५ पर्सेंटाइल चांगलं आहे, पण त्या रांगेतलं नाही. म्हणून आधी एसीपीसी, मग बाकीचं.

जुन्या याद्यांत अजून केव्हीपीवाय आणि एनटीएसई या केंद्राच्या गुणवत्ता शिष्यवृत्त्यांची नावं दिसतात. केव्हीपीवाय २०२२ मध्ये बंद झाली, एनटीएसई २०२१ पासून थांबलेली आहे. ज्या यादीत ही नावं आहेत ती यादी बाजूला ठेवा, बाकीची माहितीही शिळीच असणार.

एका खासगी विद्यापीठाने मला फोन करून ५० टक्के मेरिट स्कॉलरशिप देऊ केली आहे. तीन दिवसांत २५,००० भरून जागा पक्की करायला सांगतात. घरी सगळे खूश आहेत. मी काय करू?
*विद्यार्थिनी, कारेलीबाग*

अभिनंदन, पण पैसे आज भरू नकोस. आधी हे ५० टक्के कशाचे, ते विचार. बहुतेक वेळा ते फक्त ट्यूशन फीचे असतात. समज, ट्यूशन ३ लाख आणि हॉस्टेल-मेस दीड लाख. एकूण साडेचार. त्यातले दीड लाख सुटले, म्हणजे खरी सूट ३३ टक्के. आता दुसरा प्रश्न: किती वर्षं? पत्रात "पहिल्या वर्षासाठी" असेल किंवा "सीजीपीए ८.५ राखल्यास" (सीजीपीए म्हणजे सगळ्या सेमिस्टरची मिळून १० पैकी सरासरी) असेल, तर सगळं गणित फिरतं. पहिल्या वर्षानंतर ती सूट गेली तर चार वर्षांच्या १८ लाखांत वाचले फक्त दीड लाख, जेमतेम ८ टक्के. त्यात फी दरवर्षी वाढत असेल आणि सूट रुपयांत ठरवलेली असेल, तर तिचं वजन आणखी कमी होतं.

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षात सीजीपीए घसरणं अगदी सामान्य आहे. बारावीत ९० टक्के मिळवणारी मुलंही गणित आणि प्रोग्रॅमिंगच्या पहिल्या सेमिस्टरला अडखळतात, कारण वर्गात सगळेच ९०चे असतात. म्हणून अट ८.५ची आहे की ६.५ची, हा फरक फार मोठा आहे. शक्य झालं तर त्याच शाखेच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातल्या दोन-तीन मुलांशी बोल आणि विचार: तुमच्याबरोबर स्कॉलरशिप घेऊन आलेल्यांपैकी किती जणांकडे ती अजून आहे?

विद्यापीठाला ईमेल करून चार गोष्टी लेखी माग. सूट कोणत्या फीवर, किती वर्षं. नूतनीकरणाची नेमकी अट, आणि ती दर सेमिस्टरला तपासतात की वर्षाला. एकदा गेलेली सूट गुण सुधारल्यावर परत मिळते का. शाखा बदलली तर काय होतं. फोनवर बोलणारी व्यक्ती प्रवेश विभागाची असते, आणि तिचं तोंडी आश्वासन तिसऱ्या वर्षी फी भरताना कुणी ऐकत नाही. लेखी उत्तर द्यायला टाळाटाळ झाली, तर ते उत्तरच समज.

तीन दिवसांची मुदत घाई करवण्यासाठी असते. तुझी एसीपीसीची फेरी बाकी असेल तर तिथे काय मिळतं ते कळेपर्यंत थांबणं रास्त आहे. भरायचेच ठरले, तर प्रवेशाची अधिकृत शेवटची तारीख लिहून घे. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमाप्रमाणे त्या तारखेच्या १५ किंवा जास्त दिवस आधी प्रवेश रद्द केला तर थोडं प्रक्रिया शुल्क वगळता पूर्ण फी परत, १५ दिवसांच्या आत आल्यावर ९० टक्के, तारीख उलटून १५ दिवसांपर्यंत ८०, तीस दिवसांपर्यंत ५०, त्यानंतर शून्य. मूळ गुणपत्रिका आणि दाखला ठेवून घेण्याचा अधिकार संस्थेला नाही. तपासून लगेच परत द्यायला हवेत. मूळ कागद अडकले की दुसरीकडचा प्रवेशही अडकतो, म्हणून हे पैशांहून महत्त्वाचं आहे.

आम्ही मूळचे रत्नागिरीकडचे, तीन पिढ्या बडोद्यात. नात बारावीनंतर मेडिकलला जाणार. महाराष्ट्रात मुलींना फी माफ झाल्याचं वाचलं. तिला तिथल्या योजनेचा लाभ मिळेल का?
*एक आजोबा, दांडिया बाजार*

नाही मिळणार, आजोबा. तुम्ही वाचलेला निर्णय जुलै २०२४चा. आर्थिक दुर्बल, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी गटातल्या, ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या मुलींसाठी तो आहे, पण महाराष्ट्राचं अधिवास प्रमाणपत्र आणि तिथल्या सरकारी प्रवेश फेरीतून मिळालेली जागा या दोन्ही गोष्टी लागतात. गाव, कुलदैवत आणि आडनाव कोकणातलं असलं तरी राज्याची मदत राहण्याच्या जागेप्रमाणे आणि शाळेप्रमाणे जाते. जातीचा दाखलाही गुजरात सरकारने दिलेलाच इथे चालतो. महाराष्ट्रातला जुना दाखला घेऊन इथे अर्ज केला तर तो परत येतो.

नातीसाठी इथेच चांगली सोय आहे. उत्पन्न ६ लाखांच्या आत असेल तर युवा स्वावलंबन योजनेतून एमबीबीएसला ट्यूशन फीच्या निम्मे किंवा २ लाख, यातलं कमी ते. मुलींसाठी वेगळी मुख्यमंत्री कन्या केळवणी निधी योजना आहे; तिची मर्यादा निम्मी फी किंवा ४ लाख. जीएमईआरएस या सरकारने उभारलेल्या संस्थेच्या, गोत्रीसारख्या कॉलेजात किंवा खासगी कॉलेजात या मदतीने मोठा फरक पडतो. बडोदा मेडिकल कॉलेजात जागा मिळाली तर फी मुळातच कमी आहे, तिथे चिंता करण्यासारखं फारसं उरत नाही. गुजरातच्या कोट्यासाठी दहावी-बारावी इथूनच केल्याचे कागद आत्ताच एका फाइलीत लावून ठेवा.

मला फिजिक्स आवडतं. सयाजीराव विद्यापीठात बीएस्सी करायचं आहे. घरचे म्हणतात, मार्क इतके चांगले असताना बीएस्सी का? बीएस्सीला शिष्यवृत्ती असते का?
*विद्यार्थी, फतेगंज*

असते, आणि देशातल्या सर्वात मोठ्या गुणवत्ता शिष्यवृत्त्यांपैकी एक नेमकी बीएस्सीचीच आहे. केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची 'इन्स्पायर-शी' ही शिष्यवृत्ती. वर्षाला ८०,००० रुपये: ६०,००० थेट विद्यार्थ्याला, २०,००० उन्हाळी संशोधन प्रकल्पासाठी. उत्पन्नाची अटच नाही. आपल्या बोर्डात वरच्या १ टक्क्यात असणं, किंवा जेईई अथवा नीटमध्ये पहिल्या १०,०००त असणं, असे रस्ते आहेत. इंजिनिअरिंग किंवा मेडिकलला गेलेल्यांना ती मिळत नाही. घरच्यांना हे सांग: विद्यापीठाच्या विज्ञान शाखेची फी आणि हे ८०,००० शेजारी ठेवून पाहा म्हणावं.

चूक होते ती विषयांत. यादी मूलभूत आणि नैसर्गिक विज्ञानांची आहे: फिजिक्स, केमिस्ट्री, गणित, स्टॅटिस्टिक्स, बॉटनी, झूऑलॉजी, जिऑलॉजी, मायक्रोबायॉलॉजी असे विषय. कॉम्प्युटर सायन्स आणि बायोटेक्नॉलॉजी त्यात नाहीत. बायोटेक घेऊन मग अर्ज नाकारला गेल्यावर लिहिलेली पत्रं आम्हाला नेहमी येतात. अर्ज बारावी झालेल्या वर्षीच करायचा असतो. दर बोर्डाचा १ टक्क्याचा कटऑफ वेगळा असतो, तो इन्स्पायरच्या पोर्टलवर पाहून अर्ज कर.

कटऑफ थोडक्यात हुकला आणि घरचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल, तर पीएम-यूएसपी पाहा. बोर्डात आपल्या शाखेत ८० पर्सेंटाइलच्या वर असणाऱ्यांना पदवीची तीन वर्षं १२,००० रुपये आणि पदव्युत्तरला २०,०००. दरवर्षी ८२,००० नव्या शिष्यवृत्त्या, त्यातल्या निम्म्या मुलींना. दुसरी कोणतीही शिष्यवृत्ती घेत असशील तर ही मिळत नाही.

मुलगा अकरावीत आहे, त्याला अमेरिकेत शिकायचं आहे. तिथली कॉलेजं हुशार मुलांना स्कॉलरशिप देतात म्हणे. एजंट सांगतो, तो सगळं बघेल. आम्ही स्वतः कसं शोधावं?
*एक आई, अलकापुरी*

स्वतः शोधता येतं, आणि एजंटपेक्षा चांगलं येतं, कारण माहिती उघड आहे. अमेरिकेतली बरीच कॉलेजं "कॉमन डेटा सेट" नावाची माहितीपुस्तिका दरवर्षी काढतात. कॉलेजचं नाव आणि हे शब्द एकत्र शोधले की पीडीएफ मिळते. त्यात एच विभाग आर्थिक मदतीचा. एच२ए या तक्त्यात, गरज नसतानाही केवळ गुणवत्तेवर किती विद्यार्थ्यांना पैसे दिले आणि सरासरी किती डॉलर, हे असतं. एच६ मध्ये परदेशी विद्यार्थ्यांना मदत देतात का, किती जणांना, सरासरी किती. आधी एच६ पाहा. तिथे शून्य असेल तर एच२ए कितीही देखणा असो, तुमच्या उपयोगाचा नाही. ते पैसे अमेरिकन नागरिकांचे आहेत.

मग सी९ पाहा. प्रवेश घेतलेल्यांच्या एसएटी (तिथल्या कॉलेज प्रवेशाची परीक्षा) गुणांचा २५वा आणि ७५वा पर्सेंटाइल तिथे असतो. मुलाचे गुण ७५व्याच्या वर असतील तिथे मेरिटचे पैसे मिळण्याची शक्यता खरी. तो मधोमध बसत असेल तर प्रवेश मिळू शकतो, पैसे बहुधा नाहीत. मांजलपूरच्या पालकांना सांगितलं तेच इथेही आहे: हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी मार्कांवर एक डॉलर देत नाहीत, फक्त गरजेवर देतात. या चार संस्था परदेशी अर्जदाराचीही गरज प्रवेश ठरवताना मोजत नाहीत, पण आत शिरणं फार कठीण. उलट काही सरकारी विद्यापीठं, उदाहरणार्थ अलाबामा, गुण आणि एसएटीवर किती सूट हे तक्त्यातच लावून ठेवतात. आईवडिलांनी आपल्या मर्यादेत बसणारी सहा-आठ कॉलेजं अशी शोधावीत आणि एक-दोन मोठी नावं हौसेने ठेवावीत.

सवलत वजा जाता किती खर्च येईल हे सांगणारा, कॉलेजच्या साइटवरचा "नेट प्राइस कॅल्क्युलेटर" वापरू नका. तो अमेरिकन कुटुंबांसाठी आहे आणि तुम्हाला फसवा कमी आकडा दाखवतो. सूट डॉलरमध्ये ठरलेली असेल तर चारही वर्षांचा हिशेब करा. फी ५०,००० डॉलर, दरवर्षी ४ टक्के वाढ आणि सूट कायम २०,००० धरली, तर चार वर्षांत भरायचे १,२०,००० नव्हे, सुमारे १,३२,०००. रुपया घसरला तर तो भार वेगळा.

वेळापत्रक इथल्यापेक्षा वर्षभर आधीचं आहे. एसएटी बारावीच्या ऑक्टोबरपर्यंत होऊन जायला हवी, कारण काही मोठ्या मेरिट शिष्यवृत्त्यांसाठी अर्ज १ नोव्हेंबरपर्यंतच घेतात. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठ त्यातलं एक. नववीपासूनच्या गुणपत्रिका लागतात. टक्क्यांचं जीपीएत, म्हणजे तिथल्या सरासरी श्रेणीत रूपांतर स्वतः करू नका, बोर्डाचे गुण जसेच्या तसे पाठवा. शाळेच्या मुख्याध्यापकांना स्कूल रिपोर्ट, म्हणजे शाळेची आणि मुलाची माहिती देणारा फॉर्म भरावा लागतो. आपल्याकडच्या अनेक शाळांनी तो कधी पाहिलेला नसतो, म्हणून जूनमध्येच त्यांना भेटा. कॅनडाच्या टोरांटो विद्यापीठाची पिअर्सन शिष्यवृत्ती तर शाळेने नाव सुचवल्याशिवाय मिळतच नाही.

सिंगापूरचा विचार असेल तर तिथली ट्यूशन ग्रँट फी बरीच कमी करते, पण शिकून झाल्यावर तीन वर्षं सिंगापूरच्या संस्थेत नोकरी करण्याचा करार करावा लागतो. बडोद्याला अशा कराराचं नवल नको. १९१३ मध्ये सयाजीराव महाराजांनी डॉ. आंबेडकरांना कोलंबियासाठी महिना साडेअकरा पौंडांची तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली, तीही परतल्यावर संस्थानात नोकरी करण्याच्या अटीवर. अट असणं वाईट नाही. ती सही करण्याआधी पूर्ण वाचलेली असावी.

मुलीची शिष्यवृत्ती मंजूर झाली, पण पैसे खात्यात आलेच नाहीत. कॉलेज म्हणतं बँकेत विचारा, बँक म्हणते पोर्टलवर पाहा.
*एक पालक, वाडी*

तीन ठिकाणी क्रमाने पाहा. पहिलं, नावं. इथल्या शाळा वडिलांच्या नावापुढे "भाई" लावतात. गुणपत्रिकेवर सुरेशभाई, आधारवर सुरेश. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी. मराठी घरांत हा घोळ ठरलेला. मुलीचं स्वतःचं नाव, जन्मतारीख आणि आडनावाचं स्पेलिंग आधार, गुणपत्रिका आणि पासबुक या तिन्हींत एकसारखं हवं. बदलायचं झालं तर आधार बदलणं सोपं, बोर्डाची गुणपत्रिका दुरुस्त करणं लांबचं काम.

दुसरं, अर्ज कुठे अडकला. राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज आधी कॉलेजचा अधिकारी तपासतो, मग वरचं कार्यालय. "डिफेक्टिव्ह" असा शेरा आला तर अर्ज तुमच्याकडे परत आलेला असतो. दुरुस्त करून पुन्हा सबमिट केला नाही तर तो तिथेच मरतो. कॉलेजने मुदतीत तपासला नाही तरी तेच. म्हणून अर्ज भरल्यावर प्रिंट घेऊन शिष्यवृत्ती विभागात द्या आणि आठवड्याने स्थिती पाहा.

तिसरं आणि तुमच्या बाबतीत बहुधा हेच: खातं. आधार खात्याला जोडलेलं असणं वेगळं आणि डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट जमा होण्यासाठी, त्याच खात्याची बँक आधारवर नोंदवलेली (सीड केलेली) असणं वेगळं. सरकारी पैसे खातेक्रमांकावर जात नाहीत, आधारशी शेवटी सीड झालेल्या खात्यात जातात. मुलीने मध्ये दुसऱ्या बँकेत खातं उघडताना आधार दिला असेल, तर पैसे तिथे पडलेले असू शकतात. आधारच्या साइटवर "बँक सीडिंग स्टेटस" पाहिलं की सध्या कोणती बँक आहे ते दिसतं. चुकीची असेल तर हव्या त्या बँकेत सीडिंगचा फॉर्म भरा, पोचपावती घ्या, आणि स्थिती "ॲक्टिव्ह" झाल्यावर कॉलेजला लेखी कळवा, म्हणजे अडकलेला हप्ता पुन्हा पाठवण्याची विनंती त्यांना करता येईल.